चंद्रीचं रक्त

४ जानेवारी
कोंबडीच्या पिल्लांचे निकाल आले. साल्मोनेला जंतूची लागण करून जी सावरली, त्यांच्या रक्तात माझा मायक्रोआरएनए, मी ज्याच्या मागे आहे तो बारीकसा रेणू, पहिल्याच दिवशी वाढलेला. जी मेली त्यांच्यात तो जागचा हललेला नाही. गाइड मॅडम म्हणाल्या, "वृषाली, ही लॅबमधली पिल्लं. शेडमधल्या कोंबड्यांत दाखव, मग मानते."
दाखवीन. खात्री आहे.

१० जाने.
सिन्नरहून आत्याचा फोन. "कोंबड्या माना टाकाया लागल्या गं. लय वंगाळ दिसत्यात." आइसबॉक्स उचलला, सीबीएस स्टँडवरून मिळाली ती बस. पशुवैद्य येऊन गेलेले, त्यांचाही संशय साल्मोनेलावरच. पाण्यातून द्यायचं औषध ठेवून गेले.
म्हटलं, आत्या, उद्यापर्यंत थांबशील? औषधाविना दोनदा रक्त मिळालं तर...
"तुझ्या अभ्यासापायी माझ्या कोंबड्या मारू का?"
बरोबर होतं तिचं. मग ठरलं: औषध आजच, फक्त आधी रक्त. तिनं कोंबडी धरायची, मी पंखाखालच्या शिरेतून रक्त काढायचं. ओळखायला प्रत्येकीच्या पायात वेगळ्या रंगाचा दोरा. एकीला नको म्हणाली. "चंद्रीला मी अंधारात बी वळखीन." चंद्री म्हणजे तिची लाडकी, शेडमधली सगळ्यात म्हातारी.
"काय शोधतीस रगतात?"
सांगितलं. जंतू शिरले की अंग पेटून उठतं. आग वेळेत आवरली नाही तर कोंबडी तिनंच मरते. ती आवरायला मदत करणारा एक बारीकसा रेणू असतो, तो मोजते.
"म्हंजे चुलीतलं लाकूड मागं वढायचं."
अगदी तेच.

१५ जाने.
सगळे नमुने मोजून झाले. काहींत रेणू झकास वाढलाय, काहींत नाही. आत्याला काही विचारायच्या आधीच मॅडमना सांगून टाकलं, कुठल्या रंगाची जगेल, कुठली नाही. "आता भविष्य सांगणार का?" म्हणाल्या. हो, सांगणार.
चंद्रीत अजिबात वाढलेला नाही. तेही सांगितलं.

१६ जाने.
आत्याला फोन, स्पीकरवर. मॅडम शेजारी. एकेक रंग विचारत गेले. "पिवळी गेली. जांभळी बी. लाल चरतीया बघ." सगळं जुळतंय! मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. शेवटी विचारलं, चंद्री?
"हाय की. आत्ताच कोंबड्याला टोचलं तिनं."
माझ्या तोंडून निघून गेलं, जिवंत?
"का गं? मरायला पायजे व्हती का?"
नाही गं आत्या. खरंच बरं वाटलं. पण डोकं भणभणलं.
मॅडम: औषधानं वाचली असेल.
मी: औषध पिवळीलाही दिलं होतं.
मॅडमनी माझी वही ओढून चंद्रीचा आकडा पुन्हा पाहिला.

१८ जाने.
माझा रेणू खरा आहे, आजही ठाम. पण चंद्रीनं आग आवरली ती दुसऱ्याच कशानं तरी. असे रेणू रक्तात शेकड्यांनी, मी एकाच्याच मागे. ते सगळे एकदम मोजायला मॅडमनी आज हो म्हटलं. "मला पण बघायचंय," हेही म्हणाल्या! पहिल्यांदाच.
चंद्रीचा नमुना संपलाय. पुन्हा रक्त लागणार. आत्याला विचारलं.
"ये. पन सुई मी म्हनंल तवाच लावायची."
उद्या पहिली बस.