चार नंबरची ऊब

१२ एप्रिल २००४, वरवंड
आले एकदाची. काल ईस्टरचं जेवण झालं आणि आज शिरूरहून चौफुल्यापर्यंत वडापची गाडी, पुढं तात्याबा आप्पांची जीप. त्यांची हॅचरी हायवेपासून आत, उसाच्या मधे आहे, आणि मी दबोरा तिथली नवी कॉम्प्युटरवाली. आई म्हणते माझ्या जिभेला हाड नाही. इथं ऐकायला नुसती अंडी आहेत, बरंच झालं.

चार सेटर आहेत, म्हणजे अंडी उबवायची खोलीएवढाली कपाटं. तिघांत अंडी भरलीत, चौथा रिकामा, कुलूपबंद. सगळ्यांची उष्णता एक लिनक्स सर्व्हर सांभाळतो. माझ्या आधी तो प्रभुदास बघायचा. मागच्या मे महिन्यात वारला. ट्रे धुणाऱ्या लालबी मावशींनी भाकरी आन् खर्डा दिला. दोन भाकरी हाणल्या.

१४ एप्रिल
सर्व्हरचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, जुनाट २.४चा, वर प्रभुदासनं हातानं मारलेली ठिगळं. आप्पा म्हणाले, चालतंय तसं चालू द्या. मी म्हटलं, मग मला कशाला आणलंत? सरळ २.६ बसवला. डिस्कवर जागा नव्हती, म्हणून जुना पार उडवला. पुण्याच्या क्लासात सर कानीकपाळी ओरडायचे, जुना कर्नल ठेवत जा. ठेवतेय मी. पहिल्या झटक्यात चालू झाला आणि मी मलाच चहा पाजला.

१५ एप्रिल
स्क्रीनवर चार नंबरचा सेटर दिसायला लागलाय. रिकामा असून ९८.६. अंड्यांना ९९.५ लागतं. ९८.६ माणसाच्या अंगाचं असतं. सेन्सर वाचणारा ड्रायव्हर प्रोग्राम चुकतोय असं धरून तो पुन्हा कंपाइल केला, म्हणजे नव्यानं बांधला, तरी तेच. दुपारी लोडशेडिंग झालं. सगळं बंद असताना चौथ्याच्या दाराला हात लावला. पत्रा ऊबदार होता.

१६ एप्रिल
त्याची विजेची वायर मीच कापली. तरी ९८.६. बाकीचे तिघे उतरताहेत, ९७, ९६, हीटर मात्र लाल. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि लालबी मावशींचे हात गार पडलेत. म्हणाल्या, प्रभुदास ऐन मेमधी गेला, तवा त्याच्या अंगावर दोन गोधड्या व्हत्या.
मी मलाच थर्मामीटर लावला. ९६.२.

१७ एप्रिल
आप्पांना धरलंच. खाली बघून बोलले. चौथा आसपासची ऊब ओढतो, का ते कुणालाच ठाऊक नाही. प्रभुदासनं कर्नलमध्ये एक ओळ घातली, दर सेकंदाला त्याला 'बंद राहा' बजावणारी, तेव्हा कुठं तो निजला. पण तोवर प्रभुदास—
आणि ती ओळ मी उडवली.
सर्व्हर बंद करून पाहिला, फरक नाही. मावशींना घरी पोचवलं, तरी त्या गारच. एकदा धरलेलं माणूस तो सोडत नाही. आप्पा म्हणतात पळ काढू. कुठं पळू? मावशींना उठवत नाहीये.

१८ एप्रिल, रविवार
'बंद राहा'ची ओळ पुन्हा लिहिली. कंपाइल लावलंय, डबडं कण्हत चाललंय. आई शिरूरच्या चर्चमध्ये प्रार्थना करत असेल. कर म्हणावं, इकडचं मी बघते.
दोन स्वेटर. ९४. आप्पांना बाहेर काढून आतून कडी घातली. घे, माझ्याकडून घे, म्हातारीला सोड.
भ्यायलेय. हो, भ्यायलेय. हटणार नाही.

दुपार
एरर आली. सेमीकोलन राहिला. शहाणी मी — पुन्हा —

संध्याकाळ
झालं. रीबूटचा हुकूम टाइप केलाय, एंटर तेवढं राहिलं. आप्पा खिडकीतून सांगताहेत, मावशी आता बोलत नाहीत —
चौथ्यात कुणीतरी सावकाश श्वास — ९८.६ — मी ९१ —
पेन मुठीत. बोटं उघडत नाहीत.
कोपरानं दाबते. बघूच आधी कोण थंड होतं, तू का