तरंगणारा रेडिओ

ती. बाबांना नमस्कार,

मी ठणठणीत आहे. आईचा गुडघा कसा आहे?

कयाकसाठी, म्हणजे आमच्या वल्ह्याच्या छोट्या होडीसाठी, वॉटरप्रूफ रेडिओ घेतला; अडचणीत त्यावर बोलून मदत मागता येते. दुकानात दोन होते. एकाची बॅटरी जास्त टिकत होती, पण तो पाण्यात पडला तर बुडणार. दुसरा तरंगणारा. खूप घोळ घालून तरंगणाराच घेतला आणि तुमच्या शिकवणीप्रमाणे वस्तू हरवू नये म्हणून कयाकला घट्ट बांधला.

काल सरावात कयाक उलटली. काळजी करू नका, किनारा जवळच होता. पण वाऱ्याने कयाक पुढे गेली आणि तिच्याबरोबर रेडिओही. मी पाण्यात एकटीच!

आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी मला ओढून घेतलं. म्हणाले, "अगं बाई, हाक कोण मारणार, होडी की तू? रेडिओ अंगावर ठेव." सगळे हसले. मीही हसले.

आता तो जॅकेटला, छातीवर असतो. गार पाण्यात बोटं बधिर करून बटण दाबून बघते. दाबलं जातं, बहुतेक वेळा.

रविवारी सर नसतील, नवख्यांना मीच नेणार आहे. आपल्या घरात कुणी आवाज चढवत नाही, म्हणून मला धास्ती वाटते की वेळ आली तर माझ्या तोंडून हाक निघेल का?

आज रेडिओ बंद ठेवून खोलीत मदतीची हाक मोठ्याने मारून पाहिली. शेजारच्या काकू लाटणं घेऊन धावत आल्या, "काय झालं गं पोरी?"

त्यांची माफी मागितली. पण बाबा, बरं वाटलं.

आईला उलटल्याचं सांगू नका.

तुमची,
धाकटी