ओठ झाकले तेव्हा

२१ मार्च
औषधाच्या दुकानात आज सगळ्यांच्या तोंडाला मास्क. दुकानदाराने काहीतरी विचारलं. मी ओठ शोधले. नाहीत. मागे रांग. गोळ्या न घेताच घरी आले.

सातव्या वर्षी ताप आला आणि कान गेले. तेव्हापासून लोकांचं बोलणं मी ओठांवर वाचते. इतकी वर्षं निभावलं.

२५ मार्च
शिवणकारखाना बंद. नवऱ्याची मात्र सुट्टी नाही, पंपघर चालू ठेवावंच लागतं. पाणी सगळ्यांना हवं. घरी आला की आधी आंघोळ, मग उघड्या तोंडाने दिवसभराचं सांगतो. अख्ख्या जगात आता एवढंच एक तोंड माझं!

८ एप्रिल
कारखान्याने परत बोलावलं. मास्क शिवायला. मलाच! कटिंग मास्तर लांबून हातवारे करतात — नाडी, इलास्टिक, दुहेरी शिलाई. इतर बायकांत काही हसण्याचं झालं की मला फक्त खांदे हललेले दिसतात. कोणावर हसल्या, कळत नाही.

१९ एप्रिल
त्याला ताप. आतल्या खोलीत झोपलाय. ताट दाराशी ठेवते.

२२ एप्रिल
नेलं.

पांढऱ्या पोशाखातले दोघे आले. एकाने मला तीनदा काही विचारलं. मी कानांकडे बोट दाखवलं, तर तो आणखी मोठ्याने बोलला असावा — तोंडावरचं कापड नुसतं फुगत होतं. तेवढ्यात हा जिन्यात वळला. मास्क लावलेला. काहीतरी म्हणाला. मी धावले, पण मला अडवलं.

संध्याकाळपर्यंत जीव टांगणीला. मग मोबाइलवर त्याचा मेसेज आला. ‘गॅस बंद कर म्हटलं.’

हसले आणि मग रडू आवरेना.

२५ एप्रिल
मेसेज : ‘दम लागतो. जेवलीस का?’

२७ एप्रिल
मेसेज नाही. मी सोळा पाठवले.

२८ एप्रिल
हॉस्पिटलच्या फाटकाशी सकाळपासून उभी. दुपारी एक डॉक्टर बाहेर आल्या. मी म्हटलं, मला ऐकू येत नाही, जरा मास्क खाली करा. त्यांनी मान हलवली. बरोबरच आहे त्यांचं. मग एका खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर लिहिलं — ‘घशात नळी घातली आहे. मशीनवर आहेत. वाट पाहू.’

वाट पाहू. म्हणजे कशाची?

२ मे
हॉस्पिटलचा फोन शेजारच्या काकूंच्या नंबरवर येतो. मग त्या माझ्या दाराशी येऊन, फोन कानाला लावून उभ्या राहतात. मी त्यांच्या भुवया बघते. आज चांगली दहा मिनिटं बोलल्या आणि वहीत लिहिले दोनच शब्द. ‘तसंच आहे.’

माझा तोल गेला. ‘दहा मिनिटांत दोन शब्द होतात का काकू? नवरा माझा आहे!’ केवढ्याने ओरडले देव जाणे, कारण वरच्या मजल्यावरची माणसं कठड्याशी आली.

काकूंनी वही परत घेतली. पायरीवर बसून पानभर लिहिलं. मूत्रपिंड नीट चालत नाही. काल रक्तदाब एकदम खाली गेला. आशा ठेवा, पण फार ठेवू नका, असं डॉक्टर म्हणाल्या. शेवटी लिहिलं होतं — ‘माझ्याच्याने तुला सांगवेना गं.’

मीच हट्टाने मागून घेतलं. आता ते घेऊन कुठे जाऊ?

५ मे
आज फोन नाही.

६ मे
आजही नाही. कामावर चारशे मास्क शिवले. शेवटच्या विसांची शिलाई वाकडी. मास्तरांनी उसवून ठेवले. मी परत शिवले.

७ मे
फोन. मशीनवरच आहे.

८ मे
पुन्हा तेच. काकू आता सगळं लिहितात, शब्दन् शब्द. अक्षर फार बारीक. उजेडात नेऊन वाचावं लागतं.

१४ मे
नळी काढली! काकूंची अक्षरं पानाबाहेर गेली आहेत.

२२ मे
आला घरी. त्याचा पंपघरातला जोडीदार धरून वर घेऊन आला. अर्धा उरलाय.

नळीने घसा दुखावलाय. आवाज उमटतच नाही म्हणे. परत येईल की नाही, तेही कोणी सांगत नाही. कॉटवर टेकला, मास्क काढला आणि काही बोलू लागला. काकूंनी कान जवळ नेला. जोडीदाराने पाणी पुढे केलं, मग उशी सरकवली, मग पंखा लावला. काकूंनी वहीत लिहिलं — ‘काय म्हणतोय काही कळत नाही गं!’

तो म्हणत होता, ‘यांना घरी पाठव आता. मला तुझ्याशी बोलायचंय.’

मला पहिल्याच वेळी कळलं होतं. पण मी त्याला आणखी दोनदा म्हणू दिलं.