पंधरा मिनिटांनी झोप

अण्णा, आज तुमच्यावर चिडूनच लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमची सवय माझ्या हातातून जात नाही. जुळे सोलापूरच्या या फ्लॅटमध्येही खोलीबाहेर पडताना मागे वळून दिवा-पंख्याची बटणं बंद करते. नवा लॅपटॉप आणला तेव्हा पहिलं काम काय केलं, तर वीज वाचवायच्या सेटिंगमध्ये गेले आणि ठरवून टाकलं की पंधरा मिनिटं कुणी हात लावला नाही तर त्यानं झोपायचं.

तुमच्या शेवटच्या वर्षी तुमचं बोलणं मी जुन्या कॉम्प्युटरवर साठवलं होतं. मोहोळचं घर, चादरीच्या कारखान्यातले दिवस, आणि सगळ्यात शेवटी तो उखाणा. जन्मभर आईला ‘अगं’ म्हणून हाक मारलीत. त्या दिवशी जावयानं गळ घातली आणि तुम्ही लाजत लाजत तिचं नाव घेतलंत. आई नेमकी भाजी आणायला गेली होती. तिला ऐकवते, ऐकवते म्हणत मीच दिवस ढकलले. मग तुम्ही गेलात आणि ऐकवायचा धीर झाला नाही.

मागच्या महिन्यात ती जुनी डिस्क कुरकुरायला लागली. दुरुस्तीवाला म्हणाला, अजून एकदा चालेल, पुढचं सांगता येत नाही, एका दमात सगळं उतरवून घ्या. काम रात्रभराचं होतं. मी डिस्क लॅपटॉपला जोडली, फायली उतरायला लागल्या, आणि निर्धास्त झोपले. पडदा काळा झाला तरी आत काम चालूच राहतं, असं मला वाटायचं. पण पडदा विझणं वेगळं आणि झोप वेगळी. लॅपटॉप पंधरा मिनिटांत झोपला, उतरवणं तिथंच थांबलं आणि डिस्कही थंडावली. सकाळी उठून बघते तर मोहोळच्या घरापर्यंतच आलं होतं. डिस्क पुन्हा सुरू झालीच नाही. मी टेबलापाशी बसून खूप रडले.

तेव्हा कारखाना आठवला. मी अकरावीत आहे, तुमचा डबा घेऊन आले आहे. तुम्ही मला मागापाशी उभं करून हात धुवायला जाता. मी पुस्तक उघडते. एक धागा तुटतो, माग तसाच चालत राहतो आणि चादरीवर वीतभर रेघ उमटते. तुम्ही ओरडत नाही. म्हणता, “माग चालू हाय तवर डोळा हलवायचा न्हाय. न्हाय जमत तर बंद कर, पर चालू ठिवून झोपू नगं.” त्यातलं बंद करायचं तेवढं मी उचललं.

आईला सांगितलं, रात्री लाईट गेली आणि तिच्या नावाचा तुमचा उखाणा उतरायचा राहिला. तिनं लगेच विश्वास ठेवला. थोड्या वेळानं म्हणाली, “त्येनी माजं नाव घेतलं हुतं व्हय? काय म्हनले, तेवढं तरी सांग की.”

मला शेवटी आलेलं तिचं नाव आणि तुमचं हसू एवढंच आठवत होतं. तरी मी ‘चादरीवर विणला मोर, काठाला लाल दोरा’ अशी सुरुवात केली आणि नावापर्यंत नेऊन पोचवलं. आईनं दोनदा म्हणायला लावलं. आता ती शेजारणींना म्हणून दाखवते.

हा कागद ऑफिसच्या खणात ठेवते आहे, कारण आईला वाचता येतं. अण्णा, नावाच्या अलीकडचा सगळा उखाणा मी रचलेला आहे.