आक्कांच्या चपला

रविवार, दिवेलागण

शेजारच्या सुमनआक्का आज माझ्या दारावरून सरळ पुढं गेल्या आणि माझ्या धाकट्या जावेच्या, रूथच्या दारात त्यांनी चपला काढल्या. आक्कांच्या लेकीला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेलंय, बाळ आडवं आहे म्हणे. मी उंबऱ्यातच उभी होते. सगळं ऐकू आलं.

"रूथ, तुझ्या देवाला सांग की गं. तुझं ऐकतोय त्यो."

तुझं ऐकतोय. आणि माझं? चर्चच्या मंडळीतल्या बायकांची प्रार्थनासभा मी चालवते, दर शुक्रवारी उपास धरते. रूथला बायबलातलं वचन धड शोधता येत नाही. पण गौरी आल्या की ही आक्कांकडं पोळ्या लाटायला जाते. पूजेपाशी जात नाही, शेगडीपाशी बसते. मी कितीदा टोकलं, की आपण जगापासून वेगळं राहावं. मी राहिले वेगळी. म्हणून तर चपला तिच्या दारात.

जळतंय मला, खोटं कशाला लिहू? गल्लीतल्या कुणीतरी एकदा माझ्याकडं प्रार्थना मागावी, एवढंच तर वाटत होतं.

चपला अजून तिथंच आहेत. आत दोघी रडताहेत बहुतेक.

शेवटी मीही दार लावून गुडघे टेकले. कुणी सांगितलं नव्हतं तरी. प्रभू, आक्कांच्या लेकीला सांभाळ, म्हणताना तिचं नाव घ्यायला गेले आणि अडखळले. भिंतीला भिंत लागून इतकी वर्षं राहतोय, आणि पोरीचं नाव मला ठाऊक नाही.

ते विचारायला आता रूथच्याच दारात चपला काढाव्या लागणार.