मलम फक्त डावीकडे

दि. ३ मार्च
ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.
यंत्राखाली तू घोरायला लागलास म्हणून आमच्या खोलीत अजून हसताहेत. बघितलंस ना, सुई नाही, चिरा नाही. नुसता उजेड टाकून कातडीखालच्या रक्तवाहिन्या दिसतात. जन्मभर छपरांवर पत्रे ठोकलेस आणि टोपीचं मात्र वावडं, म्हणून कपाळावर हे खरखरीत चट्टे उठलेत. कॅन्सर नाही, पण तिकडे जाणारी वाट आहे.

मलम फक्त डावीकडे लाव. उजवी बाजू तशीच ठेवायची, म्हणजे मलमाने रक्तवाहिन्यांत काय फरक पडतो ते शेजारी शेजारी दिसेल. बाकीचे पेशंट दोन्हीकडे द्या म्हणून भांडतात. तू घरचा, म्हणून तुझ्यावर भिस्त.

लोभ आहेच, तो माझ्या कामावरही असू दे.
तुझी बारकी

दि. २९ एप्रिल
चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.
डावं कपाळ आधी लालबुंद झालं, खपल्या पडल्या, आता लहान मुलासारखं मऊ आहे. तुझी वहिनी म्हणते, नवरा अर्धाच सुधारला. बहीण माझा फोटो मोठ्या डॉक्टरांच्या परिषदेत दाखवणार, असं कामावर सगळ्यांना सांगून ठेवलंय. एक जण म्हणाला, मग दाढी तरी कर.

उजव्या भुवईवर गाठ धरली आहे, टॉवेल अडकतो. वहिनी मलम घेऊन मागे लागली होती, मी ओरडलो तिला. तुझ्या कामात खोट नको.

वेळेवर जेवत जा आणि या म्हाताऱ्यावर माया ठेव.
दादा

दि. १७ मे
ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.
परवा दादाचं चित्र काढलं. उजवीकडे कडेच्या वाहिन्या बारीक झाल्या आहेत, आणि मलमाशिवाय हे होत नाही. तू चोरून लावतेस. दादाच्या लक्षात आलं नसेल, यंत्राच्या आलं. माझ्या दोन वर्षांच्या कामात नाक खुपसायची हौस तुला कुठून आली?

गाठीचं मी बघते आहे. दिवसभर हेच बघते मी. डावीकडचं काम झालंय, तेव्हा उरलेली ट्यूब परत पाठव.

राग मनात ठेवू नये.
बारकी

दि. ११ जून
प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.
ट्यूब पाठवली, मिळाली असेल. चुकलं माझं. आता हातही लावत नाही. पण गाठ उशीला घासली की रक्त येतं आणि पापणी जड झाली आहे. तुम्हाला कळवू नको म्हणून त्यांनी शपथ घातली होती, तरी लिहिते.

मागच्या चित्रात तुम्हाला काय दिसलं, एवढंच सांगा. माझ्यावर हवा तेवढा राग धरा, पण त्यांना मोठ्या डॉक्टरांपुढे उभं करा.

आमच्यावर कृपा असू द्यावी.
तुमची वहिनी

दि. २ ऑगस्ट
ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.
परिषद झकास झाली! तुझी तिन्ही चित्रं ओळीने लावली. मार्चमध्ये नुसते ठिपके, मेमध्ये गाठीखाली जाड, वेड्यावाकड्या वाहिन्या, जुलैत त्या थेट खोल उतरलेल्या. कॅन्सर उगवताना, तोही न कापता, इतका स्पष्ट त्यांच्यापैकी कुणी बघितला नव्हता. मोठे डॉक्टर म्हणाले, असा पेशंट नशिबाने मिळतो. मी म्हटलं, भाऊ आहे माझा.

आता मात्र वेळ घालवू नकोस. सर्जनशी बोलले आहे. गाठ डोळ्याच्या खोबणीत पोचली आहे, डोळा बहुधा काढावा लागेल. एक दिवस आधी ये, शेवटचं चित्र राहिलंय. वहिनीला पट्टी घट्ट बांधू देऊ नकोस. दाबाने वाहिन्या रिकाम्या होतात आणि चित्र कोरं येतं.

माया आहे तशीच राहो.
बारकी

दि. २० ऑगस्ट
वन्सं,
डोळा काढला. त्यांना अजून लिहिता येत नाही, ते सांगतात आणि मी लिहिते. शेवटचं चित्र नीट आलं का, ते विचारलंय. पट्टी सैलच बांधली होती ना, हे मला पुन्हा पुन्हा विचारतात. म्हणतात, बारकीने मनाला लावून घेऊ नये. तिला आधी कळलं असतं तर तिने आधीच सांगितलं असतं.

पापणी मिटली होती, एका डोळ्याने अक्षरं लागेनात, म्हणून तुमचं मागचं पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं. त्यातलं मेमधल्या चित्राचं तेवढं गाळलं.

सुरुवातीला अनेक आशीर्वाद लिही, असं त्यांनी सांगितलं होतं. मी लिहिले नाहीत. त्यांना मात्र लिहिले म्हणून सांगितलंय.