बिनलेसचे बूट

प्रिय बारक्या,

देशाच्या फुटबॉल संघाला शिकवता शिकवता साऱ्या देशाचा तू 'सर' झालास, पोट सुटलं, टक्कल पडलं, तरी माझ्यासाठी बारक्याच. परवा आई टीव्हीसमोर बसून म्हणत होती, त्याला सांग टोपी घाल म्हणावं, दिव्याखाली डोकं चकाकतंय, समोरच्या गोलकीपरचे डोळे दिपतील. म्हटलं, दिपू देत, आपलाच फायदा. हसून सुरुवात करावी म्हणून हे लिहिलं, पण खरं सांगायचं तर हसू येत नाहीये. हॉस्पिटलमध्ये माझ्याच विभागाबाहेरच्या बाकावर बसलेय, मांडीवर जुन्या फॉर्मचे पाठकोरे कागद घेऊन. आमचे मोठे डॉक्टर नऊला येतात, आत्ता साडेसात झालेत. फोन केला असता, पण फोनवर तू मला गुंडाळतोस आणि मी गुंडाळून घेते. म्हणून लिहितेय. झालं की फोटो काढून पाठवीन. मला तुझ्या सशाबद्दल, त्या वाऱ्यासारख्या पळणाऱ्या पोराबद्दल बोलायचंय, आणि मला फार भीती वाटतेय रे.

तुला कॅमेरूनचा तो सामना आठवतो? तू आठ वर्षांचा, मी अकराची. कॅमेरून काही आपला देश नव्हे, पण आपल्या आफ्रिकेतला एक संघ पहिल्यांदाच विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत गेलेला, म्हणजे आपला सगळ्यांचाच. शेजारच्या शिंपीकाकांच्या दुकानात कापडाच्या ताग्यांवर पंचवीस माणसं बसली होती. इंग्लंडविरुद्ध दोन-एक पुढे, सात मिनिटं उरलेली, आणि पेनल्टी. मग जादा वेळेत आणखी एक पेनल्टी, आणि तोंडचा घास गेला. तू घरी येऊन खाटेखाली शिरलास. तुला रडताना कुणी बघू नये म्हणून मी खाटेवर पाय सोडून बसले. तू आतून माझा घोटा घट्ट धरून हुंदके देत होतास. आईनं जेवायला हाक मारली, तर मी बसल्या जागेवरून ओरडून सांगितलं, तो बाहेर खेळतोय. पायाला मुंग्या आल्या, पण हलले नाही.

मग दर काही वर्षांनी तेच. सेनेगल जादा वेळेत गेलं. घानाचा चेंडू अगदी शेवटी आडव्या दांड्यावर आपटला, तेव्हा तू दोन दिवस माझ्याशीही बोलला नाहीस. मोरोक्को तेवढं एक पायरी वर चढलं. आणि दर वेळी लोकांचं पालुपद ठरलेलं: यांच्याकडे ताकद आहे, वेग आहे, डोकं नाही. ते ऐकलं की तुझी तळपायाची आग मस्तकात जायची. तू म्हणायचास, डोकं आहे, सगळं आहे, कमी पडतात ती सात मिनिटं. म्हणून तर सराव संपून पोरं गळाली की तू त्यांना आणखी सात मिनिटं जीव तोडून पळवतोस. पेपरवाले त्याचे गोडवे गातात. आधी आपल्याला चषकाची संधी शंभरात सहा देत होते, आता पंधरा देतात. भाजीवाली मला भाजी निवडून देते, बसवाहक माझ्यासाठी बस थांबवतो, कारण मी सरांची ताई. आणि मला मात्र आता त्याच सात मिनिटांची धास्ती वाटते.

तुम्ही विश्वचषकाला निघायच्या आदल्या आठवड्यात सगळा संघ माझ्याकडे हृदय तपासायला आला होता. ससा सगळ्यांत शेवटी. छातीवर गार जेल लावलं तर गुदगुल्या होतात म्हणून खिदळत होता. तू त्याचा सर, म्हणून मी आत्या. हे नातं त्याचं त्यानंच लावून टाकलं. बूट काढून खाटेखाली असे नीट ठेवले, जशी काही आईची नजर आहे. बिनलेसचे बूट. म्हणाला, आत्या, मला लहानपणी लेस बांधता यायची नाही, पोरं चिडवायची, म्हणून आता खेळायचेसुद्धा लेसवाले बूट घ्यायचे नाहीत. बावीस वर्षांचा आहे. खिशात आईचा फोटो, तोही मला दाखवून झाला.

माझं काम तुला ठाऊक आहे. पडद्यावर हृदयाची भिंत दिसते, तिच्या दोन्ही कडांना मी एकेक फुली ठेवते, यंत्र जाडी सांगते. बारा मिलिमीटरपर्यंत चिंता नाही. आपल्या पोरांची भिंत खेळून खेळून चौदा-पंधरापर्यंत जाडावते, तरी ती ठणठणीत असतात, हे मी इतकी वर्षं बघतेय. परदेशातली जुनी पुस्तकं परदेशातल्या शरीरांवर लिहिलेली. त्यांच्या भरवशावर तुझ्या दोन चांगल्या पोरांना घरी बसवलं, ते अजून तुझ्या मनात सलतंय. माझ्याही. सोळाच्या पुढे मात्र पुस्तक कुणाचंही असो, पोराला थांबवायचं आणि पुढची तपासणी करायची. सशाच्या कागदावर मी चौदा लिहिलं. मोठ्या डॉक्टरांनी डोळे झाकून सही केली. वीस वर्षांत माझा आकडा त्यांनी कधी पुन्हा तपासला नाही.

आता तीन दिवसांपूर्वीचा सामना. सशानं गोल केला, अख्खी गल्ली नाचली, आईनं टाळ्या वाजवून हात लाल केले. मीही ओरडले. मग ऐंशीव्या मिनिटाला तो मैदानाच्या मध्यावर एकाएकी थांबला आणि एक गुडघा टेकून खाली बसला. दोन्ही हात बुटावर, मान खाली. समालोचक म्हणाला, लेस बांधतोय. आई म्हणाली, बघ कसा हुशार, वेळ काढतोय. मी टीव्हीजवळ सरकले. बारक्या, त्या बुटांना लेसच नाही. तो काय बांधत होता? अर्ध्या मिनिटानं उठला, पंचांकडे बघून हसला, पुन्हा पळायला लागला. तू कडेला उभा होतास, माझ्यापेक्षा किती जवळ. त्याचे बूट तू रोज बघतोस. तुला दिसलं नाही का, असं विचारणार होते. पण नको, त्याचं उत्तर मला देऊ नकोस. माझ्यात ते ऐकायचं बळ नाही.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. तीन दिवस मी स्वतःला तेच बजावते आहे, की दम लागला असेल, पोटरी धरली असेल. पण भांडी घासताना तो खाली बसलेला दिसतो. आई वाहिनी बदलते आणि प्रत्येक वाहिनीवर त्याचा गोल दाखवतात, मी आधी उठून स्वयंपाकघरात जाते. कारण मला जे माहीत आहे ते आणखी कुणालाच माहीत नाही. त्या दिवशी पहिल्या मोजणीत सतरा आलं होतं. दुसऱ्यांदा सतराच. तू दारात येऊन म्हणालास, ताई, आटप, बस उभी आहे. मी तिसऱ्यांदा मोजलं, आणि फुली कडेवर न ठेवता केसभर आत ठेवली, तेव्हा चौदा आलं. केसभर, बारक्या. तू विचारलंस, काय म्हणतंय यंत्र, आणि मी म्हटलं, ठीक आहे. तू मला काहीही करायला सांगितलं नव्हतंस, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. मलाच आपला संघ जिंकायला हवा होता. खाटेखालचा तू अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीस. तुझ्यासाठी मी दुसऱ्याच्या पोराचा जीव टांगणीला लावला, आणि वर त्याच्याकडून आत्या म्हणवून घेतलं.

आत्ता डॉक्टरांच्या खोलीतला दिवा लागला, आज लवकर आलेत. पहिल्या दोन मोजण्यांची चित्रं यंत्रात तशीच आहेत, ती त्यांना दाखवायला मी आत जातेय. ते लगेच तुमच्या संघाच्या डॉक्टरांना फोन करतील. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. पण ते सगळं व्हायला तासभर लागेल, आणि तुमचा सराव त्याआधी सुरू होतो. त्या तासासाठी हे पत्र आहे. आज त्याला पळवू नकोस. सात मिनिटं नाहीत, एक मिनिटही नाही. त्याला शेजारी बसव, खांद्यावर हात ठेव, आणि तूच सांग. दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्याला कळू देऊ नकोस. रागावला तर म्हण, आत्यानं केलं. परवाचा सामना त्याच्याशिवाय खेळ, कदाचित जिंकालही. हरलास, तर घरी ये आणि पुन्हा खाटेखाली जा. मी वर पाय सोडून बसेन, घोटा हवा तितका वेळ धर. फक्त या वेळी कुणी विचारलं, तर तो बाहेर खेळतोय असं मी सांगणार नाही.

तुझीच,
ताई